मत्तयाचा येशू ‘निघून जातो’ तेव्हा : ‘अनाखोरेओ’ या क्रियापदाविषयी

प्रश्न असा आहे : मत्तयाच्या शुभवर्तमानात संकट जवळ आले की येशू ‘निघून गेला’ असे पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. एका प्रवचनात मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘प्रार्थनेसाठी एकांतात जाणे’ असा सांगितला गेला, तर एका टीकाकाराकडे त्याचाच अर्थ ‘जीव वाचवण्यासाठी पळून जाणे’ असा दिलेला आढळला. यांतला खरा कोणता, आणि मराठीत या क्रियापदासाठी एकच शब्द ठरवून सगळीकडे वापरता येईल का?

हे क्रियापद म्हणजे ‘अनाखोरेओ’. नव्या करारात ते १४ वेळा येते. त्यांपैकी १० वेळा मत्तयात, प्रत्येकी एकदा मार्क आणि योहानात, आणि दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत. आपण ज्या जागी आहोत ती सोडून मागे किंवा बाजूला होणे, एवढेच ते सांगते. जाणारा का गेला हे सांगण्याची जबाबदारी ते घेत नाही. भीती, सावधगिरी, एकांताची ओढ, नुसती खाजगी कुजबूज, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि ते कारण वाक्यात इतरत्र शोधावे लागते. प्रवचनकाराने आणि टीकाकाराने आपापले कारण क्रियापदाच्या पोटात घातले आहे, हीच दोघांचीही अडचण आहे.

घडणीपासून सुरुवात करू. ‘खोरेओ’ हे मूळ क्रियापद ‘खोरोस’ आणि ‘खोरा’ म्हणजे जागा, प्रदेश या नामांच्या कुळातले आहे. (मराठीतल्या ‘खोरे’ या शब्दाशी याचा संबंध जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो, ते केवळ ध्वनिसाम्य आहे.) त्याचे दोन वापर शेजारी शेजारी चालतात. एक म्हणजे जागा देणे, सरकणे. दुसरा म्हणजे मावून घेणे. काना येथील लग्नातले दगडी रांजण दोन-तीन मापे पाणी ‘मावून घेतात’ ते याच क्रियापदाने, आणि ज्याला हे वचन पेलवेल त्याने ते पेलावे, असे येशू मत्तय १९:१२ मध्ये म्हणतो तेही यानेच. ‘अना’ या उपसर्गाचा अर्थ ‘वर’ असाही होतो आणि ‘मागे’ असाही. येथे ‘मागे’ हा आहे. ‘वर’ हा अर्थ धरून ‘देवाकडे वर जाणे’ असा आध्यात्मिक अर्थ काढण्याचे प्रयत्न मी ऐकले आहेत. शब्द फोडून अर्थ काढण्याच्या या सवयीला ग्रीक वाङ्मयातील प्रत्यक्ष वापराचा अजिबात आधार नाही.

तो वापर होमरपासून दिसतो. इलियडच्या तिसऱ्या सर्गात डोंगरातल्या दरीत साप दिसताच माणूस दचकून मागे सरतो, त्याच्या गालांवरचा रंग उडतो. तेथे हेच क्रियापद आहे. पुढे थुसिडिडीससारख्या इतिहासकारांच्या लेखनात ते सैन्याच्या हालचालींचे रोजचे क्रियापद होते. फौज हरून मागे फिरली तरी तेच, आणि काम आटोपून शिस्तीत आपल्या मुलखाला परतली तरी तेच. म्हणजे अभिजात ग्रीकमध्येही जाण्याचे कारण क्रियापदाबाहेरच राहते.

नव्या कराराच्या काळाच्या अधिक जवळचा पुरावा इजिप्तच्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणांत, आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. करांचा आणि सक्तीच्या सरकारी कामांचा भार असह्य झाला की इजिप्तमधला शेतकरी किंवा कारागीर नोंद असलेले आपले गाव सोडून जात असे. सरकारी कागदांत त्याला ‘अनाखोरेसिस’ हे ठरलेले नाव होते. पहिल्या शतकातल्या ऑक्सिरिंकस येथील अर्जांत नातेवाईक लेखनिकाला कळवतात की आमचा अमुक माणूस परमुलखात निघून गेला आहे. हेतू असा की त्याच्या नावावरचा कर घरच्यांच्या माथी बसू नये. रोमी सम्राट नीरोच्या राजवटीत इजिप्तच्या फायूम भागातल्या सहा गावांच्या करवसुलीदारांनी रोमी सुभेदार बाल्बिलस याला लिहिलेले निवेदन उपलब्ध आहे. पूर्वी भरलेली गावे आता थोडक्या माणसांवर आली आहेत, काही जण दारिद्र्यामुळे निघून गेले, काही वारस न ठेवता मेले, आणि आता वसुलीचे काम आम्हालाच टाकून द्यावे लागेल अशी भीती आहे, असा त्याचा आशय आहे. मराठेशाहीच्या कागदांत ‘रयत परागंदा झाली’ असे जे येते, ते या ‘अनाखोरेसिस’चे जवळजवळ तंतोतंत भाषांतर ठरेल. मत्तयाच्या पहिल्या वाचकांच्या कानांवर हा शब्द केवळ हालचालीचा म्हणून पडत नसणार. वरून दडपण आले की साधा माणूस जे करतो त्याची छटा त्यात असणारच.

आता जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे, म्हणजे सेप्टुअजिंटकडे येऊ, कारण मत्तयाची भाषा तेथूनच घडली आहे. निर्गम २:१५ मध्ये फारो मोशेला ठार मारू पाहतो तेव्हा मोशे फारोच्या समोरून ‘अनेखोरेसेन’, निघून गेला आणि मिद्यान देशात जाऊन राहिला. येथे हिब्रूत ‘बारह’ आहे, म्हणजे सरळ सरळ ‘पळाला’. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद निसटून वाचला, तेथे १ शमुवेल १९:१० मध्ये हेच क्रियापद. नाबाल कुचेष्टेने म्हणतो की हल्ली धन्यापासून पळणारे चाकर फार झाले आहेत (१ शमुवेल २५:१०), तेथेही हेच. होशेय १२ मध्ये याकोब अरामाच्या प्रदेशात गेला, तेही यानेच सांगितले आहे. तेव्हा ‘या क्रियापदात पळण्याचा अर्थ कधीच नसतो’ असे म्हणणारा माणूस चुकतो. पळणे त्यात बसू शकते. मात्र ते पळणे आहे हे भाल्यावरून आणि फारोवरून कळते.

मत्तयाचा दुसरा अध्याय या दृष्टीने ओळीने वाचावा. बाराव्या वचनात मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, स्वप्नात सूचना मिळते आणि ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशाला ‘अनेखोरेसान’. तेराव्या वचनाची सुरुवातच ‘ते निघून गेल्यावर’ अशी याच क्रियापदाच्या कृदंताने होते. लगेच देवदूत योसेफाला म्हणतो, ‘फ्युगे’, म्हणजे पळ, मिसर देशात पळून जा. हे दुसरे क्रियापद आहे, ‘फ्युगो’, आणि त्याचा अर्थ निःसंशय पळणे असाच आहे. चौदाव्या वचनात योसेफ ती आज्ञा पाळतो, आणि तेथे निवेदक ‘पळाला’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘अनेखोरेसेन’. देवदूताच्या तोंडी एक क्रियापद आणि निवेदकाच्या तोंडी दुसरे, तेही एका श्वासाच्या अंतरावर. याला मी निव्वळ शैलीचा बदल मानत नाही, कारण थोडे पुढे, २:२० मध्ये, ‘बाळकाचा जीव घ्यायला टपलेले मेले आहेत’ हे अनेकवचनी वाक्य येते. मेला होता एकटा हेरोद राजा. अनेकवचन आले आहे ते निर्गम ४:१९ च्या ग्रीक शब्दांतून, जेथे मोशेला हेच सांगितले जाते. मत्तयाच्या डोळ्यांपुढे मोशेची गोष्ट होती, आणि त्या गोष्टीत मोशेच्या जाण्याला ‘अनाखोरेओ’ हेच क्रियापद आधीपासून लागलेले होते.

याच अध्यायाचे बाविसावे वचन टीकाकाराच्या म्हणण्यावर चांगला उतारा आहे. अर्खेलाव आपला बाप हेरोद याच्या जागी यहूदीयात राज्य करीत आहे हे ऐकून योसेफ तिकडे जाण्यास ‘भ्याला’. मग स्वप्नात सूचना मिळाली आणि तो गालील प्रांतात ‘अनेखोरेसेन’. भीती सांगायची होती तेव्हा मत्तयाने भीतीचे क्रियापद वेगळे लिहिले. ती ‘अनाखोरेओ’मध्ये आपोआप सामावलेली असती तर तसे लिहिण्याची गरज उरली नसती.

येथून एक पद्धत हाती येते, जी मी माझ्या विद्यार्थ्यांकडून सक्तीने पाळून घेतो : क्रियापदाच्या अलीकडचे कृदंत पाहा. येशू कर्ता असलेल्या मत्तयातल्या चार जागांपैकी तीन ठिकाणी ते अगदी उघड आहे. ४:१२ मध्ये ‘ऐकून’, १२:१५ मध्ये ‘जाणून’, १४:१३ मध्ये पुन्हा ‘ऐकून’. चौथ्या जागी, १५:२१ मध्ये, ‘तेथून बाहेर पडून’ एवढेच आहे. त्याआधी यरुशलेमहून आलेल्या परूशी (यहूदी नियमशास्त्र काटेकोर पाळणारा पंथ) आणि शास्त्र्यांशी हात धुण्यावरून झालेला खडाजंगीचा वाद आहे. म्हणजे काहीतरी घडते, ते येशूला कळते आणि तो जागा सोडतो. ही साखळी खरी आहे, आणि प्रवचनकाराने ती नजरेआड केली आहे.

पण साखळी सांगते तेवढ्यावर थांबले पाहिजे. ४:१२ घ्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला अटक झाल्याचे ऐकून येशू गालीलात निघून गेला. योहानाला पकडणारा कोण? हेरोद राजाचा मुलगा हेरोद अंतिपा. आणि गालील कोणाच्या अमलाखाली? त्याच अंतिपाच्या. इ.स.पू. ४ ते इ.स. ३९ पर्यंत गालील आणि यार्देनेपलीकडचा पेरिया हे दोन्ही प्रांत त्याच्याकडे होते. योहानाचा शेवट झाला तो मखाइरसचा किल्लाही, पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस याच्या सांगण्याप्रमाणे, त्याच्याच पेरियात. अटकेच्या बातमीने घाबरून कोणी अटक करणाऱ्याच्याच मुलखात जाऊन राहत नाही. शिवाय येशू तेथे लपूनही बसत नाही. तो कफर्णहूमला, सरोवराकाठच्या वर्दळीच्या गावी बिऱ्हाड करतो आणि योहानाचीच घोषणा शब्दशः पुढे चालवतो : ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे.’ मत्तय या ठिकाणी यशया संदेष्ट्याचे जबुलून आणि नफताली यांच्या प्रदेशाविषयीचे वचन उद्धृत करतो. त्याला सांगायचे आहे ते पोहोचण्याच्या जागेबद्दल. सोडलेल्या जागेबद्दल त्याने फारसे काही म्हटलेले नाही.

१२:१५ हे माझ्या मते या सगळ्याचे मर्म आहे. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा झाल्यावर परूशी बाहेर जाऊन येशूचा घात कसा करावा याची मसलत करतात. ते ओळखून येशू तेथून निघतो. मग पुष्कळ लोक त्याच्यामागे जातात, तो त्या सर्वांना बरे करतो आणि मला प्रकट करू नका अशी ताकीद देतो. एकांत येथे मिळालेलाच नाही. गर्दी सोबतच गेली आहे. यानंतर मत्तय यशया ४२ मधला सेवकाचा उतारा देतो, आणि त्यातली ओळ अशी : तो भांडणार नाही, ओरडणार नाही, रस्त्यांवर त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार नाही; चेपलेला बोरू तो मोडणार नाही. मत्तयाने दिलेल्या जुन्या करारातल्या अवतरणांपैकी हे सर्वांत लांब आहे. त्याने ते निघून जाण्याच्या प्रसंगालाच जोडले, याचा अर्थ त्याच्या लेखी ही माघार म्हणजे हमरीतुमरीवर न येण्याची रीत होती. हा अर्थ मात्र उताऱ्याने क्रियापदाला दिलेला आहे. हेच वाक्य मार्क ३:७ मध्ये आहे, तेच क्रियापद आहे, पण तेथे यशया नाही; म्हणून तेथे तो अर्थ बळेच आणू नये.

मार्काचा विषय निघाला आहे तर आणखी एक तुलना करावी. बहुतेक अभ्यासक मानतात त्याप्रमाणे मत्तयापुढे मार्काचे लेखन होते असे धरले, तर मार्काने १:१४ मध्ये येशू गालीलात ‘आला’, ६:३२ मध्ये ते तारवातून ‘गेले’ आणि ७:२४ मध्ये तो सोराकडे ‘गेला’ असे साधेसुधे लिहिले होते. मत्तयाने या तिन्ही ठिकाणी ‘अनाखोरेओ’ घातले. हा शब्द त्याचा आवडता आहे आणि तो हेतुपुरस्सर वापरलेला आहे, हे यावरून मानायला हरकत नाही. लूक मात्र ९:१० मध्ये ‘हुपोखोरेओ’ हे भावंड वापरतो.

१४:१३ मध्ये व्याकरणाची एक छोटी गाठ आहे. येशूने काय ‘ऐकले’? लगतच्या वचनात योहानाच्या शिष्यांनी धड पुरून येशूला कळवल्याचे आहे, म्हणून बहुतेक वाचक योहानाचा मृत्यू असेच उत्तर देतात. पण योहानाच्या वधाची हकिगत मत्तय मागे वळून सांगत आहे. तिच्या अगोदर, १४:१-२ मध्ये, अंतिपाला येशूची कीर्ती समजली आणि ‘हा योहानच मेलेल्यांतून उठला आहे’ असे तो म्हणाला, हे आहे. ही बातमी येशूपर्यंत गेली असे धरले तर निघून जाण्याचे कारण शोक राहत नाही, राजाची वळलेली नजर हे ठरते. माझा कल पहिल्या वाचनाकडे आहे, कारण ‘त्यांनी येशूला कळवले’ आणि ‘ते ऐकून येशू’ हा दुवा फार घट्ट आहे. तरी दुसरे वाचन टाकाऊ नाही. १५:२१ मधले सोर आणि सीदोन तर अंतिपाच्या हद्दीबाहेर, सुरिया या रोमी प्रांतात पडतात. आणि या दोन्ही वेळी पुढे काय होते? एकदा पाच हजारांना जेवण मिळते, दुसऱ्यांदा कनानी बाईची मुलगी बरी होते.

आता प्रार्थनेचे. चौदाही वचनांत प्रार्थनेचा उल्लेख एकदाही नाही. येशू प्रार्थनेसाठी डोंगरावर एकटा गेला हे मत्तय १४:२३ मध्ये आहे, पण तेथे क्रियापद ‘चढून गेला’ असे आहे. अरण्यात एकांती जाऊन प्रार्थना करण्याची येशूची सवय लूक ५:१६ मध्ये सांगितली आहे, आणि तेथे ‘हुपोखोरेओ’ आहे. मग प्रवचनातला अर्थ आला कोठून? तो नंतरच्या काळातून आला. दुसऱ्या शतकात रोमी सम्राट मार्कस ऑरेलियस लिहितो की लोक विसाव्यासाठी खेडी, समुद्रकिनारे, डोंगर शोधतात, पण माणसाला आपल्या आत केव्हाही जाता येते. तेथे तो याच क्रियापदाचे नाम वापरतो. तिसऱ्या-चौथ्या शतकांत अंतोनीसारखे ख्रिस्ती संन्यासी इजिप्तच्या वाळवंटात राहू लागले तेव्हा त्यांना ‘अनाखोरेतेस’ म्हणू लागले. कर चुकवून गाव सोडणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द संन्याशाचा झाला. हा प्रवास फार देखणा आहे, पण तो मत्तयाच्या नंतरचा आहे, आणि तो उलटा फिरवून शुभवर्तमानात वाचणे योग्य नाही.

योहान ६:१५ वेगळे उभे आहे. लोक आपल्याला जबरदस्तीने धरून राजा करणार हे ओळखून येशू पुन्हा डोंगरावर एकटाच निघून गेला. येथे धोका मरणाचा नाही, राज्याभिषेकाचा आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखिताच्या मूळ लेखनिकाने येथे ‘फ्युगेई’, म्हणजे ‘पळतो’, असे लिहिले आहे, आणि काही लॅटिन भाषांतरांतही तसेच आहे. येशू पळाला हे नकलनविसांना खटकले आणि त्यांनी शब्द सौम्य केला, असा युक्तिवाद होतो. तो आकर्षक आहे. तरीही उरलेल्या हस्तलिखितांचे वजन ‘अनेखोरेसेन’च्या बाजूने इतके आहे की मुद्रित आवृत्त्यांनी तेच ठेवले, आणि ते मला पटते.

पळण्याच्या क्रियापदाशी मत्तयाचे वावडे नव्हते. १०:२३ मध्ये एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा अशी आज्ञाच आहे, आणि गेथशेमाने बागेत शिष्य येशूला सोडून पळाले तेव्हा तो तसेच लिहितो. १५:२१ नंतर येशू या शुभवर्तमानात पुन्हा कधीच ‘अनाखोरेओ’चा कर्ता होत नाही. यरुशलेमची वाट धरल्यावर माघार संपते; २६:४६ मध्ये धरून देणारा जवळ आला असता तो ‘उठा, चला’ म्हणतो. मत्तयात हे क्रियापद शेवटी येते ते येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या बाबतीत : रुपये मंदिरात फेकून तो निघून गेला, आणि जाऊन त्याने गळफास घेतला. यातून प्रवचनाला साजेसा विरोधाभास काढता येतो, पण मत्तयाच्या मनात तो होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. एकच शब्द सगळीकडे चालणार नाही, आणि चालवूही नये. मत्तय दोन ते पंधरा या अध्यायांत ‘निघून गेला’ हे ठेवावे. वाचकाला साखळी दिसली पाहिजे, म्हणून तेथे कधी ‘गेला’, कधी ‘परतला’ अशी सरमिसळ टाळलेली बरी. ‘माघार घेतली’ यात हरल्याचा वास येतो आणि ‘काढता पाय घेतला’ यात लबाडीचा. ‘एकांतात गेला’ यात जे मुळात नाही तेच येते. प्रेषितांची कृत्ये २३:१९ मध्ये सरदार पौलाच्या भाच्याचा हात धरून त्याला ‘बाजूला घेऊन’ विचारतो, आणि २६:३१ मध्ये अग्रिप्पा, बर्णीका व इतर मंडळी ‘बाजूला जाऊन’ आपसांत बोलतात. तेथे ‘निघून गेले’ म्हटले तर सभा सोडून घरी गेले असे वाटेल. मत्तय ९:२४ मध्ये अधिकाऱ्याच्या घरी पावा वाजवणारे आणि आक्रोश करणारी गर्दी आहे, आणि येशू त्यांना हेच क्रियापद आज्ञार्थी रूपात ऐकवतो. मार्काच्या हकिगतीत ही आज्ञा नाही. ती मत्तयाने घातली आहे. तेथे ‘निघून जा’ असे म्हटले तर हाकलल्यासारखे होते, आणि हाकलणे तर पुढच्याच वचनात वेगळ्या क्रियापदाने आलेले आहे. मी तेथे ‘वाट सोडा’ असे लिहीन : ‘वाट सोडा, मुलगी मेली नाही, झोपली आहे.’ जागा देणे हा मूळ ‘खोरेओ’चा अर्थ त्यात नेमका उतरतो.